ठकीच्या रक्तातलं शिसं

१

डॉक्टरांनी रिपोर्ट दोन बोटांनी तिच्याकडे सरकवला, जणू तिनंच तो खरकट्या हातांनी आणून ठेवला होता.

"अठरा," ते म्हणाले. "असायला हवं पाचाच्या आत."

"काय अठरा?"

"शिसं. रक्तातलं. घरात काय काय खेळायला देता हिला?"

ठकी तिच्या मांडीवर बसून डॉक्टरांच्या पेनकडे बघत होती. बघत होती म्हणजे नुसती बघत होती. महिन्यापूर्वी तिनं तो पेन ओढला असता, झाकण फेकलं असतं आणि वर "गेलं" म्हणाली असती. दीड वर्षाच्या ठकीला अकरा शब्द येत होते. आईनं ते एका वहीत तारखेसकट लिहून ठेवले होते. आता त्यातले चार उरले होते. पोट दुखायचं, रंग उतरला होता, जेवण नको म्हणायची. म्हणून तर पुन्हा रक्त तपासलं.

"सहा महिन्यांपूर्वी ह्याच टेबलावर ह्याच तपासणीचा आकडा दोन आला होता," ती म्हणाली. "मी हट्ट धरला म्हणून तुम्ही तेव्हा केलीत. आणि काय म्हणाला होतात, आठवतं?"

डॉक्टरांना आठवत नव्हतं. तिला शब्दन् शब्द आठवत होता. 'मॅडम, मोबाइलवर जरा कमी वाचत जा.'

"औषध लगेच देण्याइतका आकडा नाही," डॉक्टर घड्याळाकडे बघत म्हणाले. "मुख्य म्हणजे सोर्स शोधा. तो निघाला की आकडा आपोआप उतरेल."

"कोण शोधणार?"

"घर तुमचं आहे."

एवढी वर्षं शिकून ह्या माणसाला एवढंच सांगता येत होतं. ती उठली. रसायनशास्त्राची पदवी तिच्याकडेही होती. गेलं दीड वर्ष ती फक्त बाटल्या उकळायला वापरली गेली होती, तो भाग वेगळा.

जिना चढताना तिनं हिशोब मांडला. ठकी अंगणात खेळत नव्हती, पाळणाघरात जात नव्हती, बाहेरचं खात नव्हती. म्हणजे जे काही तिच्या रक्तात उतरत होतं, ते ह्याच दोन खोल्यांत होतं. रोज दाराला कडी घालून ती पोरीला त्याच्याबरोबर कोंडून घेत होती.

२

पहिला संशयित स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, स्टुलावर, नाकापाशी धूर घेत बसला होता. तिचा नवरा. सुट्टीच्या दिवशी जुने रेडिओ उघडून त्यांच्या तारा डाख देऊन जोडायच्या, हा त्याचा छंद. जोडलेल्यापैकी एकही रेडिओ आजवर बोललेला नव्हता.

"ती तार कसली आहे?" तिनं विचारलं.

"डाख द्यायची. का गं?"

"कसली म्हणजे कशाची बनवलेली?"

त्यानं रिळावरचं बारीक छापलेलं वाचलं आणि त्याचा चेहरा पडला. "कथील आणि... शिसं. पण अगं, मी हात धुतो!"

"कधी?"

"जेवायच्या आधी."

"आणि ठकीला उचलायच्या आधी?"

त्यानं दोन्ही हात पाठीमागे घेतले, त्यातच त्याचा कबुलीजबाब आला. त्याच दिवशी तार, डाखाची इस्त्री, रेडिओ, स्टूल, सगळं खोक्यात भरून त्याच्या ऑफिसात गेलं. तो कोपरा तिनं तीनदा ओल्या फडक्यानं पुसला.

दुसऱ्या संशयित सासूबाई. म्हणजे खरं तर त्यांची बरणी. चिनी मातीची, निळ्या वेलबुट्टीची, आतून तडे गेलेली. अशा जुन्या झिलईत शिसं असतं आणि आंबट घातलं की ते उतरतं, हे तिनं वाचलं होतं. बरणीत लिंबं होती.

"चाळीस वर्षं ह्याच बरणीतलं खातोय आम्ही," सासूबाई बरणी पोटाशी धरून म्हणाल्या. "तुझा नवरा ह्याच्यावर वाढला."

"ते दिसतंच आहे."

"काय म्हणालीस?"

"काही नाही, आई. बरणी द्या."

"देते ना. उद्या म्हणशील, आईंच्या हातात शिसं आहे, हातही काढून ठेवा."

बरणी गेली. मग तिनं घरातल्या सगळ्यांची रक्तं तपासून घेतली. सासूबाईंना सुईची भीती. नवऱ्याला त्याहून जास्त. आकडे आले: तिचा दोन, नवऱ्याचा चार, सासूबाईंचा तीन.

ती ते कागद घेऊन बराच वेळ बसून राहिली. धूर नाकात घेणाऱ्याचा चार. चाळीस वर्षं बरणीतलं खाणारीचा तीन. एकाच नळाचं पाणी पिणाऱ्या सगळ्यांचे आकडे जमिनीवर, आणि जी बरणीतलं चाटतही नव्हती तिचा अठरा. म्हणजे पाणी नाही, बरणी नाही, धूरही बहुतेक नाही. घरातल्या बाकीच्यांचा संबंध येत नव्हता आणि ठकीचा येत होता, असं काहीतरी होतं.

तिनं मान वर केली. समोर खिडकी होती.

३

खिडकीवर तिचा पहिल्यापासूनच डोळा होता. इमारत जुनी; चौकटींवर हिरव्या रंगाचे थरावर थर, आणि ऊन लागेल तिथे त्याचे पापुद्रे सुटलेले. जुन्या तैलरंगात शिसं असतं, लहान मुलं ते पापुद्रे तोंडात घालतात, हेच तर तिनं ठकीच्या पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास वाचलं होतं. मालकाला तेव्हाच रंग काढून द्या म्हणून सांगितलं. त्यानं हात झटकले. मग तिनं स्वतःपुरता बंदोबस्त केला: खिडकीच्या खालच्या झडपा कायमच्या बंद, समोर जमिनीपर्यंत जाड पडदे, तेही पडदेवाल्याकडे दोनदा परत पाठवून नीट करून घेतलेले. ठकीचं बोट त्या रंगाला लागणार नाही अशी सोय. आणि तरीही अठरा.

तिसरा संशयित खालच्या मजल्यावर आरामखुर्चीत पाय पसरून पेपर वाचत होता. इमारतीचा मालक. स्वतःच्या खर्चानं त्यानं आजवर फक्त एक पाटी लावली होती: 'जिन्यात थुंकू नये.'

"या, शहाण्या बाई," तो पेपर खाली न घेता म्हणाला. "आज काय? हवेत विष सापडलं का?"

"हवेत नाही. तुमच्या रंगात." तिनं रिपोर्ट पुढे धरला. "माझ्या मुलीच्या रक्तात शिसं आलंय."

त्यानं पेपर खाली घेतला. क्षणभर पोरीची चौकशी त्याच्या ओठांवर आली. पण मालकपण त्याच्या आड आलं.

"हा रंग माझ्या वडिलांनी लावलाय. मी ह्या खिडक्यांत वाढलो. मला काय झालंय?"

तिनं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि उत्तर दिलं नाही. न दिलेलं उत्तर त्याला बरोबर ऐकू गेलं.

"आणि हा बघा!" त्यानं खिडकीकडे हात केला. तिथे त्याचा नातू उभा होता. गुंड्या. ठकीहून दोन महिन्यांनी मोठा, अंगानं दुप्पट, आणि ह्या क्षणी खिडकीच्या चौकटीला तोंड लावून तन्मयतेनं ती चाटत होता. "दिवसातून दहा वेळा चाटतो. आमच्या घरात ना पडदा, ना बंदोबस्त. घोड्यासारखा धावतो."

"त्याचं रक्त तपासा."

"तपासतोच! आणि तुमच्या तोंडावर आणून टाकतो!"

तिनं त्याच दिवशी मालकाविरुद्ध रीतसर तक्रार लिहिली आणि जिन्यातल्या प्रत्येक बिऱ्हाडाला वाचून दाखवली. 'लहान मुलांच्या जिवाशी खेळणारा' असे शब्द त्यात होते. बाया हळहळल्या, पुरुषांनी मालकाबद्दल जुने राग काढले. चार दिवस ती जिन्यातून ताठ मानेनं चढली.

पाचव्या दिवशी मालक जिन्यात उभा राहून ओरडला, "या हो, सगळे या! ऐकून घ्या! चाटणाऱ्याचा आकडा चार! चार!"

दारं उघडली. ती वरच्या पायरीवर ठकीला घेऊन उभी होती. त्याच रंगाच्या खिडक्या, तेच वय, वर चाटायची सवय. आणि चार.

"बोला, शहाण्या बाई," तो म्हणाला. "आता कुणावर तक्रार?"

४

तक्रार तिनं मागे घेतली नाही. चार म्हणजेही काही भूषण नव्हे, असं तिनं दार लावता लावता सुनावलं. पण दार लागल्यावर तिची मान खाली गेली.

डाखाची तार गेली, बरणी गेली, पाणी गाळून उकळून चालू होतं. फरशी रोज दोनदा पुसली जात होती. ठकीला लोह मिळावं, कॅल्शियम मिळावं म्हणून डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं ती घड्याळ लावून भरवत होती. दोन महिन्यांनी पुन्हा रक्त घेतलं.

एकतीस.

"वाढलंय," डॉक्टर म्हणाले.

"ते मलाही वाचता येतं."

"म्हणजे सोर्स अजून घरात आहे. आणि जास्त जवळ आलाय. आता पुढच्या आठवड्यात पुन्हा बघू. पंचेचाळीसच्या पुढे गेलं तर दाखल करून रक्तातलं शिसं ओढणारं औषध द्यावं लागेल."

वहीतले शब्द तीन झाले होते. त्यातला एक 'आई' होता, आणि तो कधी जाईल ह्या भीतीनं ती ठकीला दिवसातून वीस वेळा विचारायची, "मी कोण?" ठकी कधी सांगायची, कधी नुसतीच बघायची.

नवरा म्हणाला, "आपण घरच बदलू."

"आणि काय काय घेऊन जाऊ? कॉट? खेळणी? कपाट? तुला माहीत आहे कशात आहे ते? उद्या नव्या घरात तेच बरोबर नेऊन ठेवू."

त्यानं कॉट उचलून खालून बघितली.

मग तिला तिच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेच्या बाई आठवल्या. करड्या केसांच्या, कडक, विद्यार्थ्यांना नळी फोडल्यापेक्षा खोटा निष्कर्ष काढल्याबद्दल जास्त बोलणाऱ्या. खोलीतली धूळ पुसून आणली तर तपासाल का, ह्यावर बाईंनी फोनवर एकच प्रश्न विचारला. "तुला कोण दोषी आहे ते आधीच माहीत आहे का?"

"हो. मालक."

"मग तू पुसून आणलेलं मी तपासणार नाही. आधी ते विसर, मग ये."

ती विसरली नाही, विसरल्याचं सांगितलं. खोलीत फरश्या सहा ओळी, प्रत्येक ओळीत आठ. तिनं प्रत्येक फरशीला क्रमांक दिला, प्रत्येकीसाठी वेगळा ओला बोळा घेतला, पुसला, वेगळ्या पिशवीत घातला, चिठ्ठी लावली. सासूबाई खाटेवर पाय वर घेऊन बघत होत्या.

"आमच्या वेळी एवढ्यात चार पोरं वाढली असती," त्या म्हणाल्या.

"किती जगली असती ते मोजलंत का कुणी?"

हे बोलून गेल्यावर तिला आठवलं, की सासूबाईंचं एक मूल गेलेलं होतं. सासूबाई थोड्या वेळानं खाटेवरून उतरल्या आणि पिशव्यांची तोंडं बांधू लागल्या.

आठवड्याच्या आत बाईंचा कागद आला. अठ्ठेचाळीस फरश्या, अठ्ठेचाळीस आकडे, शिवाय खिडकीची चौकट वेगळी. ती उभ्या उभ्या वाचत गेली. स्वयंपाकघराच्या बाजूला नगण्य. दारापाशी नगण्य. खिडकीच्या ओळीत आकडे वाढत गेले, आणि एका फरशीवर एकदम उसळले.

खिडकीपाशी! ती कागद घेऊन तशीच जिना उतरली.

५

"आता काय म्हणता?" तिनं कागद मालकाच्या पेपरावर आपटला. "तुमची खिडकी. तुमचा रंग. हा आकडा बघा!"

मालकानं चष्मा लावला. त्याला वाटलं असतं तर तो कागद फाडू शकला असता. पण समोरच्याला मूर्ख ठरवण्याचा मोह त्याला फाडण्यापेक्षा जास्त होता. म्हणून त्यानं तो बारकाईनं वाचला.

"ही खिडकी कुठे?"

"ह्या तीन फरश्यांच्या वर."

"आणि हा मोठा आकडा?"

"त्यांच्या डावीकडच्या फरशीवर."

"डावीकडच्या," तो म्हणाला. "खिडकीच्या बरोबर खाली थोडं, उजवीकडे जवळजवळ नाहीच, आणि डावीकडे पलीकडे, भिंतीशी, एवढं?" त्यानं चष्मा काढला. "शहाण्या बाई, तुमच्याकडे रंग काय तिरका गळतो? आणि तोही एकाच बाजूला?"

तिनं कागद परत घेतला. ह्या माणसानं आयुष्यात एक बरोबर गोष्ट सांगितली होती, आणि ती ऐकायला तिला इतका वेळ लागला होता.

ती वर आली. मालक नव्हे तर कोण, हा प्रश्न तिनं पहिल्यांदाच खरा म्हणून स्वतःला विचारला. पहिल्या वाढदिवसाला आकडा दोन होता. रंग तेव्हाही होता, रेडिओ होता, बरणी होती. जे तेव्हा नव्हतं आणि नंतर आलं, असं काहीतरी त्या डाव्या फरशीजवळ असणार, आणि ते ठकीच्या उंचीला असणार.

ती फरशीवर बसली. मग पालथी पडली. नवरा दारातून आत आला आणि बायको जमिनीवर गाल टेकून पडलेली बघून जागच्या जागी उभा राहिला.

"बरं नाहीये का?"

"श्श. तिच्याकडे बघ."

ठकी कॉटला धरून उठली. हळूहळू चालत खिडकीकडे गेली. डावीकडे, भिंत आणि पडदा ह्यांच्यामध्ये तिची लपायची जागा होती; उजवीकडे कपाट असल्यामुळे तिथे शिरता येत नसे. ती आत शिरली, पडद्याआड बसली. नुसती दोन पावलं बाहेर दिसत होती.

"लपाछपी," नवरा हसला. "रोजचंच आहे की. तूच तर फोटो काढला होतास."

काढला होता. तिनं फोन उघडला. पडद्याआडून डोकावणारी ठकी, गालाला खळी, तोंडात पडद्याचा कोपरा. तिनं तो स्टेटसला ठेवला होता. चाळीस लोकांनी हसरे चेहरे पाठवले होते. डॉक्टर त्या चाळिसांत होते.

ती उठली आणि पडदा बाजूला केला. खालचा कोपरा ओला होता, चघळून चघळून काळपट झाला होता, आणि त्याची शिवण एका ठिकाणी उसवली होती. कोपरा हाताला जड लागला. तिनं कात्री घेतली.

आतून राखाडी चपट्या चकत्या तिच्या तळहातावर पडल्या. तिनं एक कागदावर घासली. पेन्सिलीसारखी रेघ उठली. नख दाबलं, नख रुतलं.

६

पडदेवाल्याचं दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं होतं. तिनं चकत्या त्याच्या कापण्याच्या टेबलावर ओतल्या.

"हे काय आहे?"

"शिशाच्या गोळ्या," तो सहज म्हणाला. "मासे धरायच्या जाळ्याला लावतात त्या. मी हातोडीनं चपट्या करतो, म्हणजे कापडाबाहेर फुगत नाहीत."

"माझ्या पडद्यात तुम्ही शिसं घातलंत?"

आता त्यानं मान वर केली. तिला ओळखलं. आणि त्याच्या चेहऱ्यावर तोच भाव आला, जो ती गेले दोन महिने दुसऱ्यांच्या तोंडावर फेकत होती.

"बाई, पडदा पहिल्यांदा नेलात, दुसऱ्या दिवशी परत आणलात. वाऱ्यानं उडतो म्हणालात. मी काठ दुहेरी केला. पुन्हा आणलात. अजून उडतो, खिडकी उघडी पडते, पोरगी हात लावेल. ह्या इथे उभ्या राहून म्हणालात, 'काय वाट्टेल ते घाला, पण तो जमिनीवरून हलता कामा नये.' म्हणालात की नाही?"

दुकानातली गिऱ्हाइकं तिच्याकडे बघत होती.

"म्हणाले," ती म्हणाली.

"मग मी काय घालायला हवं होतं? दगड?"

"तुम्ही मला सांगायला हवं होतं काय घातलंत ते."

"तुम्ही विचारलंत?"

नव्हतं विचारलं. प्रत्येक डब्यावरचं बारीक छापलेलं वाचणाऱ्या तिनं पडदा हातात घेऊन दोनदा झटकला होता, तो सरळ पडतो हे बघून खूश झाली होती, आणि पडदेवाल्याला "आता कसं जमलं!" असं म्हणाली होती. चोराला आत घ्यायला तिनं स्वतः दोन फेऱ्या मारल्या होत्या. डॉक्टर, नवरा, सासूबाई, मालक, एकेकाला उभं करून जाब विचारताना तिची पाठ सगळा वेळ त्या पडद्याकडे होती.

"असे पडदे आणखी कुणाला दिलेत?"

"कुणाला नाही. एवढा हट्ट दुसऱ्या कुणी धरला नाही." त्याचा आवाज जरा खाली आला, बाईचा चेहरा बघून त्यालाही काहीतरी कळलं होतं. "पोरगी बरी आहे ना?"

"प्रत्येक कोपऱ्यात किती घालता?"

"चार. मोजून चार. कमीजास्त झालं की पडदा तिरका पडतो."

दोन पडदे, चार कोपरे. बाकीचे तीन तिनं घरून निघण्यापूर्वीच उसवले होते आणि प्रत्येकाची वेगळी पुडी बांधली होती. कॉलेजातल्या बाईंची सवय. तिनं पुड्या सोडल्या. चार. चार. चार.

मग टेबलावर ओतलेल्या मोजल्या. उसवलेल्या कोपऱ्यातल्या.

तीन.

पडदेवाल्यानंही मोजल्या. टेबलाखाली वाकून बघितलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. अठराचे एकतीस का झाले, हे आता कुणी सांगायला नको होतं.

"रिक्षा!" पडदेवाला तिच्याआधी दारात धावला. "ए रिक्षा!"

७

"पोटाचा एक्स-रे," ती डॉक्टरांना म्हणाली. बसली नाही.

"आधी बसा तरी. काय झालंय—"

"बसून दोन महिने घालवलेत तुम्ही. पोटाचा. आत्ता."

मशीनवाल्यानं ठकीला झोपवलं. नवऱ्यानं तिचे खांदे धरले आणि शेवटपर्यंत पकड सोडली नाही. सासूबाई दाराबाहेर पाय दुमडून बसल्या होत्या आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक नर्सला "माझी नात आहे आत" म्हणून सांगत होत्या.

मशीनच्या पडद्यावर फासळ्या उमटल्या, कण्याची मणके-मणके रेघ उमटली, आणि तिच्या डावीकडे, जठरात, एक पांढराशुभ्र ठिपका. चपटा. कडा गोल. बाकी सगळं धूसर होतं आणि तेवढा ठिपका शिक्का मारल्यासारखा स्वच्छ.

डॉक्टर ठिपक्याजवळ वाकले. "हे मी आधी बघायला हवं होतं," मग म्हणाले. तिनं त्यांना 'हो' म्हटलं. त्यापेक्षा जास्त बोलायला तिच्याजवळ त्या दिवशी तिरस्कार शिल्लक नव्हता. जेवढा होता तेवढा स्वतःलाच पुरत नव्हता.

तासाभरात दुर्बीण घालून ती चकती काढली. पोटातल्या आम्लानं तिच्या कडा खाल्ल्या होत्या. जे झिजलं होतं, ते पोरीच्या रक्तात गेलं होतं. ठकी चार दिवस दवाखान्यात राहिली, मग घरी आली. महिन्यानं आकडा एकवीस, पुढच्या महिन्यात पंधरा. हाडांत गेलेलं शिसं सावकाश बाहेर येतं, डॉक्टरांनी सांगितलं. वर्ष लागेल, कदाचित जास्त. गेलेले शब्द सगळे येतील का, ह्यावर ते म्हणाले, "बोलत राहा तिच्याशी. नक्की मी सांगू शकत नाही." माहीत नाही असं त्यांनी पहिल्यांदाच म्हटलं होतं. तिला ते आवडलं.

तक्रार मागे घ्यायला मात्र ठकी घरी आली त्याच दिवशी ती खाली गेली. मालक आरामखुर्चीतच होता, पण पेपर घडी करून बाजूला ठेवलेला.

"कळलं मला," तो म्हणाला. "तुमच्या सासूबाईंनी जिन्यात सगळ्यांना सांगितलं. पडद्यात निघालं म्हणे."

"हो. मी सगळ्यांसमोर तुम्हाला बोलले. सगळ्यांसमोर परत घेते."

"परत काय घेता? जिना काही विसरत नाही." तो थोडा वेळ खुर्चीचा हात नखानं खरवडत बसला. मग एकदम म्हणाला, "त्या तुमच्या कागदावर खिडकीच्या चौकटीचा आकडा वेगळा होता. मी वाचला होता. त्याचा अर्थ काय?"

तिला खोटं बोलता आलं असतं, किंवा खरं टोचून बोलता आलं असतं. दोन्ही आयती संधी होती.

"रंगात शिसं आहे," ती म्हणाली. "भरपूर. ठकीचं त्यातून आलं नव्हतं, एवढंच."

"पण गुंड्याचा तर चार."

"चार म्हणजे शून्य नव्हे. आणि तो अजून चाटतोय."

मालकानं खिडकीकडे पाहिलं. गुंड्या आज तिथे नव्हता. चौकटीसमोर एक खुर्ची, दोन पाट आणि जुनी ट्रंक अशी तटबंदी रचलेली होती. म्हणजे तो आकडा वाचल्यापासून म्हातारा झोपलेला नसावा.

"काढायचा कसा तो रंग?" तो असं म्हणाला जणू तिला हुकूम सोडत होता. "घासून टाकायला माणूस बोलावलाय उद्या. यंत्र आहे त्याच्याकडे, सगळी धूळ एका दिवसात उडवून—"

"अजिबात नाही!" ती इतक्या जोरात ओरडली की आतून त्याची सून बाहेर आली. "कोरडा घासायचा नाही. तीच धूळ पोरांच्या पोटात जाते. रंग ओला करायचा, ओलाच खरवडायचा, खाली प्लास्टिक अंथरायचं, रोज गुंडाळून बाहेर न्यायचं. झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं. आणि काम चाललंय तोवर पोरगं ह्या घरात नको."

"मग कुठे नको ते सांगितलंत. कुठे ठेवू ते सांगा!"

"वर. आमच्याकडे."

तो तिच्याकडे बघत राहिला. हीच ती बाई, जिनं त्याला जिन्याच्या प्रत्येक पायरीवर खुनी ठरवलं होतं, आणि जिच्या खोलीत शिसं तिनंच शिवून आणलं होतं. हे सगळं त्याच्या चेहऱ्यावर एकामागून एक स्पष्ट वाचता आलं, आणि तिनं ते वाचलं आणि मान खाली घातली नाही.

"दारखिडक्या बंद ठेवीन," ती म्हणाली. "आणि तुमचं आटोपलं की वरच्या खिडक्या करायच्या. तेव्हा ठकीला तुम्ही सांभाळा."

"आमच्याकडे वह्या लिहून पोरं सांभाळत नाहीत."

"माहीत आहे."

सून हसली. मालकानं तिच्याकडे डोळे वटारले, खुर्चीतून उठला, आत गेला, आणि गुंड्याची चादर, वाटी आणि एक कान तुटलेला लाकडी घोडा घेऊन बाहेर आला. घोड्यावर पिवळा रंग होता. त्यानं घोडा उजेडात धरला, उलटा केला, रंगावर नख ओढलं, आणि तो ठकीच्या आईसमोर धरला.

"हा तपासून घ्या," तो म्हणाला. "बाकी पोरगं सकाळी नऊला आणून सोडतो. दूध कोमट लागतं त्याला, साय चालत नाही. आणि रडला तर लगेच उचलू नका. आधी बघायचं, खरं रडतोय का."